रोमन घरातील वस्तू कशा पाहाव्यात : तळापासून सुरुवात

रोमन दालनात शिरलेला प्रेक्षक आधी संगमरवरी पुतळ्यांपाशी थांबतो, मग मोझेकपाशी. ज्या कपाटात मातीचे दिवे, लाल वाट्या, काचेच्या कुप्या आणि ब्राँझच्या टाचण्या ओळीने मांडलेल्या असतात, त्यावरून मात्र त्याची नजर काही क्षणांत फिरून पुढे जाते. यात प्रेक्षकाचा दोष नाही. त्या वस्तू लहान असतात, एकसारख्या दिसतात, आणि त्यांच्याखालच्या चिठ्ठीवर ‘दिवा, मृण्मय, पहिले शतक’ एवढेच लिहिलेले असते. पण रोममधील पीठगिरणीत काम करणाऱ्याची किंवा सरहद्दीवरच्या छावणीतील शिपायाची संध्याकाळ कशी जात होती, हे पुतळ्यांवरून कळत नाही. ते या कपाटातूनच कळते. म्हणून ते कपाट वाचण्याची रीत पायरीपायरीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे. कलेतिहासाचे शिक्षण नसलेल्या वाचकालाही ती वापरता यावी, असा हेतू आहे.

या रीतीचा गाभा आधीच सांगतो. वस्तूची दर्शनी बाजू ज्याने ती बनवली त्याने इतरांसाठी सजवलेली असते. तळ, पाठ, आतली बाजू आणि कड यांवर मात्र करणाऱ्याचा हात, वापरणाऱ्याची सवय आणि मालकाची खूण उरते. त्यामुळे कोणत्याही रोमन वस्तूची ओळख तळापासून करून घ्यावी आणि चित्र सर्वांत शेवटी पाहावे.

घरची तयारी

संग्रहालयात वस्तू उचलून उलटी करता येत नाही, म्हणून तळ पाहण्याचे काम आधी घरी करून घ्यावे लागते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची सूची इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. अनेक दिव्यांची व भांड्यांची तळाची, बाजूची आणि वरची छायाचित्रे तेथे स्वतंत्रपणे दिलेली असतात. एका वेळी एकच प्रकार निवडावा, उदाहरणार्थ फक्त दिवे, आणि त्याचे वीस-पंचवीस नमुने ओळीने पाहावेत. दहाव्या-बाराव्या नमुन्यानंतर डोळ्याला फरक आपोआप दिसू लागतात.

सूचीतील क्रमांकाकडेही लक्ष द्यावे. मेट्रोपॉलिटनमध्ये ७४.५१ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर ती वस्तू १८७४ मध्ये नोंदवलेल्या, सायप्रसहून आलेल्या चेस्नोला संग्रहातील आहे, असे समजते. ब्रिटिश म्युझियमच्या बहुतेक क्रमांकांतही आरंभी संपादनाचे वर्ष असते. वस्तू संग्रहालयात कधी आली हे कळले, की ती रीतसर उत्खननातून आली की एकोणिसाव्या शतकातील बाजारातून, याचा अंदाज बांधता येतो. या मुद्द्याकडे पुढे परत यायचे आहे. संग्रहालयात जाताना एक वही, पेन्सिल आणि शक्य असल्यास लहानसे भिंग बरोबर ठेवावे. छायाचित्रापेक्षा चित्र काढलेले बरे, कारण कड काढताना ती नीट पाहावीच लागते.

दिवा

सुरुवात मातीच्या दिव्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दिवे विपुल आहेत, स्वस्त मालाचे आहेत, आणि पणती पाहत वाढलेल्या मराठी माणसाला त्यांचे अर्धे अंग आधीच ओळखीचे असते. आपली पणती उघडी असते. रोमन दिवा त्याच जातीचा, पण झाकलेला. गोलसर पोट, वर किंचित खोलगट तबकडी, तबकडीत तेल ओतण्याचे भोक, पुढे वातीची चोच, आणि पुष्कळदा मागे बोट अडकवण्यापुरता कान, असा त्याचा बांधा असतो. रात्री हातात दिवा घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे, तर तेल हिंदकळता कामा नये. झाकण त्यासाठी आहे. तबकडी खोलगट असल्याने ओतताना सांडलेले तेल पुन्हा भोकाकडेच वाहते. चोचीजवळ कधीकधी सुईने पाडल्यासारखे आणखी एक बारीक भोक असते, ते हवा खेळण्यासाठी.

आता पाहण्याचा क्रम. दिव्यात तळाआधी तीन लहान पायऱ्या आहेत, चित्र मात्र येथेही शेवटीच. आधी वरून नुसती आकृती पाहावी. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून पहिल्या शतकभर जे दिवे लोकप्रिय होते, त्यांच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणे असतात. दुसऱ्या शतकाकडे सरकताना ती वळणे जातात आणि चोच आखूड व गोल होते. उत्तर आफ्रिकेतील चौथ्या ते सहाव्या शतकांतील दिवे लांबट, नारिंगी-लाल असतात आणि त्यांवर ख्रिस्ताच्या नावाची जोडाक्षरी खूण दिसू शकते. एवढ्या तीन गोष्टी लक्षात राहिल्या, तरी चिठ्ठी न वाचता दिव्याचे शतक ढोबळपणे सांगता येते. या वर्गीकरणाचा पाया जर्मन संशोधक सिगफ्रीड लोश्के यांनी स्वित्झर्लंडमधील विंडोनिसा या छावणीतील दिव्यांवर १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाने घातला. आजही सूचीत ‘लोश्के १’, ‘लोश्के ८’ अशी नावे येतात ती त्यामुळेच.

दुसरी नजर बाजूला टाकावी. बहुतेक दिवे चाकावर घडवलेले नसून दोन भागांच्या साच्यात दाबून केलेले असतात. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा भाग ओला असतानाच एकमेकांना चिकटवत, आणि जोडाची रेघ बोटाने किंवा ओल्या फडक्याने पुसत. ती रेघ नीट पुसलेली आहे की तशीच सोडली आहे, यावरून कारागिराची घाई किंवा काळजी दिसते. काही दिव्यांवर, विशेषतः आतल्या बाजूला, बोटाचे ठसेसुद्धा राहिलेले असतात, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराशी इतकी जवळीक मला दुसऱ्या कोणत्याही वस्तूत वाटत नाही.

तिसरे म्हणजे चोच. ती काळी आहे का, हे पाहावे. काजळी असेल तर दिवा पेटवलेला आहे. चोच स्वच्छ असेल तर तो थडग्यात ठेवण्यासाठी किंवा देवस्थानात वाहण्यासाठी नवाच घेतलेला असण्याची शक्यता असते, अथवा संग्राहकाने तो घासून पुसलेला असतो.

चौथी पायरी तळाची, आणि सर्वांत फलदायी. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत, मोडेना शहराच्या परिसरात, बिनचित्राचे, भक्कम, साधे दिवे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्यांच्या तळावर कारखानदाराचे नाव उठावदार अक्षरांत असते : ‘फोर्टिस’, ‘अतिमेटी’, ‘स्त्रोबिली’. यांतील ‘अतिमेटी’ आणि ‘स्त्रोबिली’ ही रूपे षष्ठीची आहेत, म्हणजे ‘अतिमेटुसचा’, ‘स्त्रोबिलुसचा’. ‘फोर्टिस’ हे नाव इतके चालले की गॉलपासून (आजच्या फ्रान्सपासून) डॅन्यूब नदीपर्यंत ते तळावर सापडते. हे सर्व दिवे मोडेनाहून गेलेले नाहीत. कोणीही कुंभार बाजारातून फोर्टिसचा दिवा विकत घेई, त्यावरून नवा साचा काढी आणि नावासकट नक्कल पाडी. ही नक्कल ओळखण्याची खूण सोपी आहे. वाळताना आणि भाजताना माती आकसते, मातीच्या जातीप्रमाणे साधारण दहा टक्क्यांपर्यंत. त्यामुळे नकलेची नक्कल दर पिढीला लहान होत जाते, आणि अक्षरांच्या कडा बोथट होत जातात. सूचीतील दोन फोर्टिस दिव्यांच्या लांबी आणि अक्षरे शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर कोणता मुळाच्या जवळचा आणि कोणता दूरचा, हे वाचकाला स्वतःच ठरवता येते.

एवढे झाल्यावर चित्राकडे वळावे. चित्रे नाना प्रकारची आहेत : तलवारबाज, ससे, देवता, बोटी, फुले. एक खास प्रकार मात्र शोधून पाहण्याजोगा आहे. नव्या वर्षाच्या भेटीसाठी केलेल्या दिव्यावर पंख असलेली विजयदेवता ढाल धरून उभी असते, ढालीवर ‘माझे नवे वर्ष शुभ आणि भाग्याचे जावो’ अशा अर्थाची लॅटिन ओळ असते, आणि भोवती खजूर, अंजीर व नाणी कोरलेली असतात. एक जानेवारीला एकमेकांना द्यायच्या गोड भेटी आणि सुटे पैसे एकाच चित्रात गोळा केलेले आहेत.

दिवा पेटवून पाहताना

ज्यांना शक्य असेल त्यांनी ओळखीच्या कुंभाराकडून असा झाकणाचा एक दिवा करून घ्यावा. आकृती काढून दिली की कुंभाराला ती अवघड वाटत नाही. पोट चाकावर काढून चोच हाताने जोडता येते. भाजून आलेला दिवा थाळीत ठेवावा. ही थाळी शोभेची नव्हे, गरजेची आहे, कारण बिनलेपाच्या मातीच्या अंगातून तेल पाझरते आणि खालचे लाकूड किंवा कापड खराब होते. आमच्या घरच्या लाकडी फळीवर पहिल्या रात्रीचा गोल डाग अजून आहे. रोमन कुंभार दिव्याला पातळ, बारीक मातीचा लेप का देत, हे त्या डागावरून मला कळले. लेपाने रंग येतो, आणि पाझरही कमी होतो.

भूमध्य समुद्राकाठी दिव्यात ऑलिव्हचे तेल जाळत. उत्तरेकडच्या प्रांतांत ते दुरून आणावे लागे, म्हणून तेथे चरबीचे उघडे दिवेही आढळतात. आपल्याकडे शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल चालते. वात रोमन लोक जवसाच्या झाडाच्या तंतूंची वळत किंवा काही झाडांची लवदार पाने वापरत. आपण कापसाची घट्ट वळलेली वात घ्यावी. ती चोचीतून आत सारून शेपूट पोटात सोडावे, तेल वरच्या भोकातून धारेने ओतावे, आणि वात तेल पिईपर्यंत थांबावे. वातीचे टोक चोचीबाहेर दोन-तीन मिलीमीटरच ठेवावे. ते जास्त काढले की ज्योत उंच होते आणि धूर सुटतो. अर्ध्या-पाऊण तासाने टोकावर कोळसा धरतो आणि ज्योत मिणमिणते, तेव्हा सुईने वात थोडी पुढे ओढावी लागते. ब्राँझच्या काही रोमन दिव्यांना साखळीने एक लहान आकडा किंवा सुई बांधलेली असते, ती याच कामासाठी.

खोलीतील वीज बंद करून असा एक दिवा टेबलावर ठेवला, म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. उजेड पुस्तकाच्या एका पानापुरताच पडतो. वाचायचे, तर दिवा हाताशी हवा. जेवणाऱ्या मंडळींचे चेहरे दिसायचे, तर चार-पाच दिवे हवेत. एकाच दिव्याला अनेक चोची का करत, आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या इटलीतील शहराच्या घरांत उंच ब्राँझच्या दीपस्तंभांना इतका मान का होता, याचे उत्तर त्या अंधारात मिळते.

लाल भांडी

दिव्यांच्या शेजारच्या फळीवर बहुधा चकचकीत लाल वाट्या आणि ताटल्या असतात. अभ्यासक त्यांना ‘टेरा सिगिलाटा’ म्हणतात. त्यांची चमक काचेसारख्या मुलाम्याची नाही. अत्यंत बारीक मातीच्या लेपाला भरपूर हवा देत सुमारे हजार अंश सेल्सियसच्या आसपास भाजल्याने ती येते. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील अरेत्सो येथे हा उद्योग भरास आला, मग दक्षिण गॉलमधील ला ग्रोफेसेंक, त्यानंतर मध्य गॉलमधील लेझू, असे त्याचे केंद्र उत्तरेकडे सरकत गेले. ला ग्रोफेसेंकच्या उत्खननात भट्टीचे हिशेब खरडलेल्या ताटल्या मिळाल्या आहेत. कोणत्या कुंभाराची किती भांडी एका भट्टीत लागली, याच्या त्या नोंदी आहेत, आणि एकाच भट्टीत भांड्यांची संख्या दहा हजारांच्याही पुढे जाई, हे त्यांवरून दिसते.

येथेही आधी तळ. ताटलीच्या आत, बरोबर मध्यभागी, एक छोटा शिक्का असतो. ‘ओफ प्रीमी’ म्हणजे प्रीमुसचा कारखाना. ‘फेकित’ असे आले तर ‘याने केले’. ‘मानू’ आले तर ‘याच्या हातून’. लॅटिन अक्षरे वाचताना ‘यू’च्या जागी ‘व्ही’सारखे अक्षर येते, एवढे ठाऊक असले की पुरे. मग ताटली उलटी पाहावी. तळकडेच्या आत कोणीतरी टोकदार वस्तूने आपले नाव खरडलेले असू शकते. ते कुंभाराचे नसून मालकाचे आहे. छावणीत आठजणांच्या खोलीत एकसारख्या ताटल्या असत, आणि आपली ताटली ओळखू यावी म्हणून शिपाई ती खूण करून ठेवी. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आकारांना ड्रागेनडॉर्फ या संशोधकाने १८९५ मध्ये क्रमांक दिले, आणि सूचीत आजही ‘ड्रागेनडॉर्फ २९’ किंवा ‘ड्रागेनडॉर्फ ३७’ असे लिहितात. या दोन्ही वाट्या नक्षीच्या आहेत. २९ला मध्ये एक ठळक खाच असते आणि ती पहिल्या शतकातील आहे. ३७ अर्धगोल असून ती पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन पुढे दीर्घकाळ चालते. पाँपेईत १८८१ मध्ये एका घरात न उघडलेली एक पेटी सापडली, तिच्यात दक्षिण गॉलमधल्या नक्षीदार ९० वाट्या आणि ३७ दिवे होते. मालकाने मागवलेला माल आला, पण इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा पेटी अजून फोडलेली नव्हती. त्या काळी कोणते आकार बाजारात नवे होते, हे या एका पेटीने ठरवून दिले. युरोपभरच्या लाल भांड्यांचे कालमापन तिच्याशी ताडून पाहिले जाते.

हीच भांडी भारतातही पोहोचली होती. पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे १९४५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले, तेव्हा अरेत्सोची शिक्का असलेली खापरे मिळाली. इटलीतील शिक्क्यांचा काळ माहीत असल्यामुळे त्याच थरातील भारतीय मातीच्या भांड्यांनाही प्रथमच पक्की तारीख देता आली. दक्षिण भारताच्या पुरातत्त्वाचे कालमापन ज्यावर उभे राहिले, ती गोष्ट म्हणजे ताटलीच्या तळावरचा एक शिक्का होता.

अँफोरा

अँफोरा, म्हणजे दोन कानांचे, निमुळत्या तळाचे मोठे रांजण, याविषयी थोडक्यात सांगतो. निमुळता तळ पाहून ते उभे कसे राहत असतील, असा प्रश्न पडतो. ते जहाजाच्या पोटात एकमेकांच्या खांद्यांमध्ये रचले जात, आणि ओतताना तळाचे टोक तिसऱ्या कानासारखे धरता येई. रोममधील मोंते तेस्ताच्चो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी मुख्यतः स्पेनमधून तेल घेऊन आलेल्या फुटक्या अँफोरांची आहे. ‘ड्रेसेल २०’ या नावाने ओळखला जाणारा हा रांजण रिकामा असताना सुमारे ३० किलोचा असे आणि त्यात जवळपास ७० लिटर तेल मावे. तेल मुरून खवट होत असल्याने रांजण पुन्हा वापरत नसत. त्यांच्या खांद्यावर शाईने रिकाम्या रांजणाचे वजन, तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहिलेले असे. म्हणून अँफोराचे साधे खापर समोर आले, तरी खांद्याचा भाग आणि कान आधी पाहावा. कानावर शिक्का आणि खांद्यावर शाई मिळण्याचा संभव असतो.

काच

काचेचे कपाट सर्वांत सुंदर दिसते, आणि तेथेच सर्वांत जास्त फसगत होते. अनेक रोमन कुप्यांवर इंद्रधनुष्यासारखे झगमगते रंग दिसतात. प्रेक्षकाला ती कारागिरी वाटते. ते रंग मूळचे नाहीत. शतकानुशतके ओल्या मातीत राहिल्याने काचेचा पृष्ठभाग पापुद्र्यापापुद्र्यांनी झिजतो आणि त्या पातळ थरांतून प्रकाश फुटतो. खरा रंग पाहायचा, तर पापुद्रा निघालेली जागा किंवा फुटलेली कड शोधावी. ती बहुधा निळसर हिरवी असते, कारण वाळूतील लोहामुळे काचेला तो रंग आपोआप येतो. रंगहीन काच हवी असेल, तर अँटिमनी किंवा मँगनीज मिसळावे लागे. म्हणजे स्वच्छ पांढरी काच ही जादा मेहनतीची आणि किमतीची.

कृती ओळखण्यासाठी बुडबुडे आणि तोंडाची कड पाहावी. फुंकून केलेल्या काचेतील बुडबुडे ताणलेले, कधी तिरपे गेलेले दिसतात. तोंडाची कड आत दुमडलेली आहे, आगीवर गोल केलेली आहे, की नुसती तोडून घासलेली आहे, हे कडेवरून बोट न फिरवताही डोळ्यांना समजते. फुंकणीची कला इ.स.पू. पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीत निघाली, आणि दोन पिढ्यांत काचेचे भांडे श्रीमंतांच्या हातून सामान्यांच्या हातात आले. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की रोममध्ये काचेची वाटी किंवा पेला तांब्याच्या एका नाण्यात मिळे.

लांब मानेच्या लहान कुप्यांना जुन्या पुस्तकांत ‘अश्रुकुपी’ म्हटलेले असते, शोक करणाऱ्यांचे अश्रू त्यांत साठवत, अशी कथाही सांगतात. ती कथा खरी नाही. त्या सुगंधी तेलाच्या आणि मलमाच्या कुप्या होत्या.

धातू, हाड आणि पाव

ब्राँझच्या वस्तूंत सुरुवात वस्त्राच्या टाचणीपासून, म्हणजे फिबुलापासून करावी. कमान, स्प्रिंग किंवा बिजागरी, सुई आणि सुई अडकवण्याची खोबण, हे चार भाग मागच्या बाजूने पाहावेत. पुढची नक्षी नंतर. सुई बहुधा तुटलेली असते, कारण रोजच्या उघडझापीत तीच आधी जाते. पहिल्या शतकातील शिपायांच्या झग्यांवर आढळणाऱ्या एका प्रकाराला ‘औकिस्सा’ म्हणतात, कारण काही नमुन्यांच्या माथ्यावर ते कारागिराचे नाव ठोकलेले आहे.

तराजू असेल तर दांडीवरच्या खुणा मोजाव्यात. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा आणि त्याचे बारा भाग. दांडीवरच्या रेघांची बाराबाराची रचना त्यातून येते. वजन पुष्कळदा देवाच्या किंवा देवीच्या अर्धपुतळ्याच्या रूपात असते, आणि त्याच्या आत शिसे भरलेले असते. हाडाच्या फाशांवर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते का ते पाहावे. बहुतेक वेळा येते. येत नसेल तर वहीत टिपून ठेवावे.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात हर्क्युलेनियमचा, म्हणजे पाँपेईबरोबरच गाडल्या गेलेल्या शहराचा, एक कोळसा झालेला पाव आहे, आणि रोजच्या वस्तूंविषयी बोलताना तो वगळणे मला अशक्य वाटते. गोल, भाकरीएवढा, वरून आठ भागांत कापल्यासारख्या खाचांचा हा पाव. त्याच्या कडेशी शिक्का आहे : क्विंटुस ग्रानिउस वेरुसचा गुलाम केलेर याचा पाव. भट्टी अनेकांची असावी, आणि आपला पाव परत मिळावा म्हणून तो ठसा उमटवला असावा. या केलेरचे नाव कोणत्याही प्राचीन इतिहासग्रंथात आलेले नाही. पिठावर दाबलेल्या लाकडी किंवा धातूच्या ठशामुळे ते उरले.

सापडले कुठे

चिठ्ठी वाचताना साहित्य आणि शतक यांच्यापेक्षा प्राप्तिस्थान महत्त्वाचे मानावे. ‘पाँपेई, अमुक घर’ असे लिहिलेले असेल, तर वस्तूबरोबर खोली, शेजारच्या वस्तू आणि निश्चित तारीख येते. ‘बहुधा आशिया मायनर’ (आजचा तुर्कस्तान) असे असेल, तर ती बाजारातून आलेली आहे आणि तिचा अर्धा अर्थ हरवलेला आहे, असे समजावे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पाँपेईतच आहे आणि ते महाराष्ट्राला येऊन भिडते. १९३८ मध्ये आमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात एका घरात सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची, दोन लहान दासींसह उभी असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. डोक्यातून खाली छिद्र असल्याने ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी, असे मानतात. आरंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता यक्षी म्हणणे अधिक योग्य समजतात. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिच्याशी इतक्या जुळतात की दख्खनच्या कारागिरांकडे बोट जाते. पण मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी वायव्य भारताची. शैली एका दिशेला, तळाचे अक्षर दुसऱ्या दिशेला. ही मूर्ती कोठे घडली आणि कोणाच्या हातांतून गेली, हा प्रश्न त्या अक्षरानेच खुला ठेवला आहे.

ज्यांना हे जाळे जवळून पाहायचे आहे, त्यांनी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेल्या ब्राँझच्या साठ्यातील समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती ही तेथली सर्वांत प्रसिद्ध वस्तू. पण तिच्याबरोबर सापडलेली भांडी, आरसा आणि स्वार बसलेला हत्ती हेही त्याच वेळी पाहावेत. काही वस्तू रोमन जगातल्या, काही अस्सल स्थानिक, आणि त्या एकाच ठिकाणी जपल्या गेल्या, हे जास्त महत्त्वाचे आहे. तेरच्या संग्रहालयात आणि दख्खनच्या इतर स्थळांच्या संग्रहांत रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळतात. गळ्यात अडकवता याव्यात म्हणून त्यांना भोक किंवा कडी असते. सम्राट टायबेरियसचे नाणे येथे चलन म्हणून वापरात होते की नाही, हा वाद बाजूला ठेवला, तरी त्याची प्रतिमा दागिना झाली होती, हे त्या भोकावरून निश्चित कळते.

एक सावधगिरी येथे हवी. महाराष्ट्रातील जुन्या अहवालांत ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदलेली काही खापरे पुढे रोबर्टा टॉम्बर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तपासली, तेव्हा ती मेसोपोटेमियाकडील डांबर लावलेल्या, कान नसलेल्या लांबट रांजणांची निघाली. आतून काळा डांबराचा थर दिसला, तर रोमन म्हणण्याआधी थांबावे.

विकत घेण्याआधी, आणि शेतात सापडल्यास

परदेशातील लिलावांत रोमन दिवे आणि कुप्या आजही सहज विकत मिळतात, आणि तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांना तो मोह होणे स्वाभाविक आहे. किंमत विचारण्याआधी ‘ही वस्तू १९७०पूर्वी कोणाकडे होती?’ हे विचारावे आणि उत्तर कागदावर मागावे. १९७० हे पुरावस्तूंची चोरटी ने-आण रोखण्यासाठी झालेल्या युनेस्कोच्या कराराचे वर्ष आहे. त्यानंतर कागदाविना बाजारात आलेली वस्तू बहुधा चोरून खणलेली असते. इटलीत तर १९०९च्या कायद्यापासून जमिनीखालचे पुरावशेष सरकारचे आहेत. बनावट दिवेही भरपूर आहेत. चिकटवल्यासारखी माती, अक्षरे बोथट पण कडा धारदार, आणि काजळी चोचीऐवजी सर्वांगावर सारखी, या खुणा दिसल्या तर दूर राहावे.

दख्खनमध्ये नांगरताना किंवा विहीर खणताना नाणे, खापर किंवा ब्राँझचा तुकडा मिळाला, तर तो घासू किंवा धुऊ नये. जागेवरच त्याचे छायाचित्र घ्यावे, किती खोलीवर मिळाला ते लिहून ठेवावे, आणि तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. जमिनीत गाडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची सूचना देणे १८७८च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवण्यास १९७२च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. तुकड्याच्या आत चिकटलेली मातीसुद्धा काढू नये. दिव्याच्या पोटातील तेलाचा किंवा रांजणाच्या आतल्या डांबराचा अंश त्याच मातीत असतो, आणि प्रयोगशाळेला तोच हवा असतो.